गॅस भरूनही गारवा का टिकत नाही?

प्रश्न : आमच्या छोट्या डीप फ्रीझरमध्ये वर्षभरात दोनदा गॅस भरून घेतला. सुरुवातीला बर्फ चांगला जमतो, पण काही दिवसांनी कॉम्प्रेसर चालू असूनही आतला बर्फ वितळू लागतो. रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केला, की फ्रीझर पुन्हा थंड होतो. तिसऱ्यांदा गॅस भरावा का?

उत्तर : कृपया भरू नका. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असते, आणि गळून गेलेला गॅस रात्रीतून परत येत नाही. तुमचा फ्रीझर मात्र नुसत्या विश्रांतीने सुधारतो, त्यामुळे माझा संशय नळ्यांत शिरलेल्या ओलाव्यावर आहे. कॅपिलरीची बारीक नळी जिथे आतल्या कॉइलला मिळते, तिथे तापमान शून्याखाली जाताच हा ओलावा गोठतो आणि गॅसची वाट अडते. यालाच मेकॅनिक ‘चोक’ म्हणतात.

याची खूण सहज पटते. गारवा गेलेला असताना कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांना, हात लावून पाहा. कॉम्प्रेसर चालू असूनही तो कोमट लागत नसेल, तर गॅस फिरत नाही. मग कॅपिलरीच्या त्या टोकावर गरम पाण्यात पिळलेले फडके धरा (ज्योत कधीही नको). थोड्याच वेळात सूंऽऽ असा आवाज येऊन कॉइलवर पुन्हा हिम धरू लागले, तर निदान पक्के समजा. याउलट कॉइलच्या पहिल्या एकदोन वेढ्यांवरच हिम आणि पुढे कोरडे, असे कायम दिसत असेल, तर गॅस कमी आहे किंवा वाट कायमची अर्धवट तुंबली आहे.

दोनदा गॅस भरताना व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणे) पुरेसा केला गेला नसावा, असे मला वाटते. आता जुना गॅस काढून, नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासून, ओलावा शोषणारा ड्रायर नवा बसवून आणि पंपाने व्हॅक्यूम नीट करूनच गॅस भरायला सांगा, आणि तोही अंदाजाने नव्हे, तर फ्रीझरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका काट्यावर मोजून. पाटीवर आर-६००ए हा गॅस असेल तर तो ज्वलनशील असतो. अशा यंत्रावर गॅस आत असताना सांधे जोडायची ज्योत (टॉर्च) चालवू देऊ नका.