रिकाम्या फोटोंची वही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. जानेवारीपासून शहापूरच्या गच्चीवरून चाळीस रात्री दीर्घिकांचे फोटो काढलेस, एकही सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटणारा तारा, सापडला नाही, म्हणून सगळे पुसून मोठी दुर्बीण घ्यायचं मनात आहे म्हणतेस. दुर्बिणीचं नंतर बघू. ते फोटो पुसू नकोस, एवढं सांगायला घाईने लिहितोय.

ही चूक मी केलीय. १८ मे २०२३ ची रात्र. दुसऱ्या दिवशी अमावास्या, वळवाने आकाश धुऊन काढलेलं. जांबोटीच्या वाटेवर चुलतभावाच्या शेतात दुर्बीण लावली होती. सप्तर्षीच्या शेपटीजवळ, ध्रुवाच्या बाजूला, वसिष्ठ आणि मरीचीशी त्रिकोण करणारी एम १०१ दीर्घिका आहे. तिचे बारा फोटो काढले. नेहमीसारखीच दिसली. लॅपटॉपवर जागा उरली नव्हती, म्हणून सकाळी चहा पिता पिता सगळे पुसले.

१९ तारखेला जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला त्याच दीर्घिकेत सुपरनोव्हा सापडला. सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरचा तारा, आणि काही दिवसांत अकराव्या प्रतीपर्यंत उजळला! (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) तुझ्या सहा इंची दुर्बिणीतूनही दिसला असता. मग जगभर शोध सुरू झाला तो आदल्या रात्रींच्या फोटोंचा. तारा नेमका कधी फुटला हे ठरवायचं, तर अमुक वेळेपर्यंत तिथे काहीच नव्हतं असा पुरावा लागतो. हौशी लोकांनी जपून ठेवलेल्या फोटोंची त्यात मोठी मदत झाली आणि हिशेब १८ मेच्या आसपास येऊन थांबला. माझे बारा फोटो त्याच रात्रीचे होते. अजून आठवलं की घास गोड लागत नाही.

काहीच न दिसणं हाही पुरावा असतो. १७ ऑगस्ट २०१७ चं बघ. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे, एकमेकांत मिसळले. त्यातून अवकाशात उठलेली थरथर, म्हणजे गुरुत्वीय लहर, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन्ही यंत्रांनी शंभरेक सेकंद टिपली, आणि मीलनानंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांची चमक दिसली. इटलीतल्या व्हर्गो या तशाच यंत्राला मात्र जवळपास काहीच ऐकू आलं नाही. यंत्र तर नीट चालू होतं. म्हणजे लहर त्याला कमी ऐकू येतं अशाच दिशेने आली असणार! व्हर्गोच्या या गप्प राहण्यामुळे शोधायचं आकाश तीसेक चौरस अंशांवर आलं. अकरा तासांच्या आत चिलीतल्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत ठिपका पकडला. तिचा आरसा एक मीटरचा, फार मोठा नव्हे. ठिपका नवा कशावरून? हबल या अवकाश दुर्बिणीने एप्रिलमध्ये घेतलेल्या चित्रात तिथे काही नव्हतं. हा किलोनोव्हा, म्हणजे न्यूट्रॉन तारे मिसळताना होणारा स्फोट, काही दिवसांतच निळ्याचा लाल होत विझला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तिथे घडल्याची ती खूण.

गुरुत्वीय भिंगाची, म्हणजे वाटेतल्या जड वस्तूने मागचा प्रकाश वाकवण्याची, तीच गोष्ट. २०१४ मध्ये हबलला एकाच सुपरनोव्हाच्या चार प्रतिमा एका दीर्घिकेभोवती दिसल्या. त्याला रेफ्सडाल म्हणतात. वाटेतल्या दीर्घिकासमूहाने प्रकाश वाकवलेला, प्रत्येक वाटेची लांबी वेगळी, म्हणून पाचवी प्रतिमा मागाहून येईल असं गणित निघालं. २०१५ च्या शेवटी हबल पुन्हा पुन्हा तिकडे वळली. नाही, अजून नाही, आणि ११ डिसेंबरच्या चित्रात आली. आधीच्या त्या 'नाही'मुळेच ती कधी उगवली हे सांगता येतं, आणि त्या उशिरावरून पुढे विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजला गेला.

तुझ्या आजोबांच्या दुकानातली रोजकीर्द आठव. विक्री झाली नाही त्या दिवसाचंही पान असतं. तशी एक वही घाल. तारीख, वेळ मोबाइलवरून सेकंदासकट, ढग किती, आणि मुख्य म्हणजे फोटोत दिसलेला सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा. हा शेवटचा आकडा नसेल तर 'काही दिसलं नाही' याला किंमत नाही. तो असेल तर 'सोळाव्या प्रतीपर्यंत काही नव्हतं' असं ठामपणे म्हणता येतं. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी एएव्हीएसओ ही संस्था 'यापेक्षा मंद' अशी नोंद आनंदाने घेते.

जूनपासून आपल्याकडे आकाश मिटतं. ते महिने या चाळीस रात्रींना दे, पान पान भरत. रविवारी राकसकोपच्या बाजूला जाऊ. वळीव आला तर माझ्या घरी बस. येताना हार्ड डिस्क आण, माझ्याकडे एक रिकामी आहे, दुसरी प्रत तिच्यावर काढून ठेवू.

आईला नमस्कार.

तुझा,
सर