स्कॅन नॉर्मल आला, मग डोकं का दुखतं?

वाचकांचे प्रश्न : मुलांच्या डोक्याला बसलेला मुका मार

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. आठ दिवसांपूर्वी विहिरीकडच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरला आणि डोक्याची मागची बाजू चिऱ्यावर आपटली. बेशुद्ध झाला नाही, एकदा उलटी झाली. स्कॅन नॉर्मल आला. पण अजून पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत डोकं धरून बसतो, चिडतो, गोंगाट सहन होत नाही. घरातले म्हणतात, शाळा चुकवायची नाटकं आहेत. – एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, हे नाटक नाही. सुकलेला नारळ कानाशी धरून हलवला की आतला गोटा करवंटीवर आपटतो, तो आवाज तुम्ही ऐकला असेल. डोकं आपटतं तेव्हा कवटीच्या आत मेंदूही तसाच हिंदकळतो. पेशींचे लांब, नाजूक धागे ताणले जातात आणि पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये हाडाची चीर दिसते, रक्तस्राव दिसतो. पेशींच्या कामातला हा बिघाड दिसत नाही. म्हणजे नॉर्मल स्कॅनचा अर्थ एवढाच, की ऑपरेशन लागेल असं आत काही नाही. मेंदू बरा झाला, असा त्याचा अर्थ नाही. आणि कन्कशन झालेली बहुतेक मुलं बेशुद्ध होतच नाहीत.

अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा सल्ला आता मागे पडला आहे. पूर्ण नाही, पण बेताची विश्रांती हवी ती पहिले २४ ते ४८ तास, आणि त्या काळात मोबाइल-टीव्ही अगदी कमी. तुमच्या मुलाचा तो टप्पा होऊन गेला. आता त्याला रोज सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर १५-२० मिनिटं चालवा आणि अर्धा दिवस शाळेत पाठवा. वर्गशिक्षकांना चिठ्ठी लिहून द्या : सलग वाचन १५ मिनिटांपेक्षा जास्त नको, मग दहा मिनिटं डोळे मिटून बसू दे, फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नका, शेजाऱ्याची वही घरी द्या, चाचणी, कवायत आणि पळापळ तूर्त बंद. फळ्याकडून वहीकडे आणि वहीकडून फळ्याकडे नजर फिरवणं हेच या मुलांना सगळ्यात जड जातं, पालकांच्या ते लक्षात येत नाही. थोडं डोकं दुखलं आणि तासाभरात उतरलं तर चालेल. त्याहून वाढलं तर दुसऱ्या दिवशी काम निम्मं करा.

पॅरासिटामॉल द्यायचं तर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त ३००. दोन डोसांत सहा तास, दिवसात चारच वेळा. बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये १२५ आहे की २५०, ते वाचूनच द्या. माप तेच राहतं आणि मात्रा दुप्पट जाते. मात्र रोजच्या रोज देत राहिलात तर औषधामुळेच डोकं दुखायला लागतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर नेऊ नका.

बहुतेक मुलं चार आठवड्यांत पूर्ण बरी होतात. चार आठवडे उलटूनही त्रास राहिला तर बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. त्रास उतरण्याऐवजी चढत असेल, तर मात्र आजच.

प्रश्न : आमच्या शाळेच्या कबड्डी संघातली पंधरा वर्षांची मुलगी. काल सरावात पकडीतून सुटताना समोरचीचा गुडघा कानशिलावर बसला. दोन मिनिटं गोंधळली, मग परत खेळली. आज डोकं जड आहे म्हणते. दहा दिवसांनी जिल्हा स्पर्धा आहे, खेळवू का? – क्रीडाशिक्षक, कुडाळ तालुका

उत्तर : सर, या स्पर्धेपुरतं तिचं नाव काढा. गोंधळली त्याच क्षणी ती मैदानाबाहेर यायला हवी होती, आणि त्या दिवशी परत उतरायला नकोच होती. क्रिकेटने २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यातही डोक्याला लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायची सोय केली, ती यासाठीच. पहिला हादरा भरून निघायच्या आत दुसरा बसला, तर कोवळ्या वयात क्वचित मेंदूला इतकी झपाट्याने सूज येते की मूल हाताशी लागत नाही.

पुढच्या वेळी मैदानावरच विचारा : कितवा हाफ चालू आहे? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी होता, आणि तो जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी बाहेर. उत्तरं बरोबर आली, पण उठायला वेळ लागला, नजर हरवली किंवा ती चुकून दुसऱ्या अंगणाकडे निघाली, तरीही बाहेरच. कोकणातल्या मुली दुखणं दाबून खेळतात, तेव्हा “बरी आहे” या शब्दावर जाऊ नका.

परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान २४ तास. आधी घरातली रोजची कामं. मग चालणं किंवा सायकल : मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा, तिच्या वयाला ११० च्या आसपास ठेवा, ते सोसलं की १४० पर्यंत. तिसरी, एकटीने धावणं आणि पायचाली. इथवर किरकोळ त्रास चालतो. पुढे मात्र त्रास पूर्ण थांबलेला हवा. चौथी, चढाईचा सराव, पण अंगाला हात न लावता. पूर्णवेळ शाळा आणि अभ्यास जमायला लागला, डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, की पाचवी : पकड आणि डॅश (चढाई करणारीला दिलेला धक्का) यांसह पूर्ण सराव. सामना शेवटी. एखाद्या पायरीवर डोकं जास्त दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली या. शाळकरी मुलांना या सगळ्याला महिनाही लागतो.

प्रश्न : दीड वर्षाची नात पडवीतल्या झोपाळ्यावरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. तेल-हळद चोळली आणि झोपली तर धोका म्हणून रात्रभर जागं ठेवलं. बरोबर केलं का? – आजोबा, राजापूर

उत्तर : आजोबा, जागं ठेवायची गरज नव्हती, आणि टेंगूळ चोळूही नये, चोळल्याने आतलं रक्त पसरतं. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा, एवढं पुरे. पडल्यावर चार ते सहा तास तिच्यावर नीट नजर ठेवा, मग नेहमीच्या वेळी झोपू द्या. रात्रीतून दोन-तीनदा श्वास आणि रंग पाहा; शंका आली तर हलवून पाहा, कुरकुरून हात झटकला की झालं.

झोपाळ्याचं आणखी एक. मूल पडतं तेव्हा सगळे जमीन बघतात, परत येणारी फळी बघत नाहीत. तिचा मार बहुधा डोक्याच्या मागे किंवा कानाच्या वर बसतो, म्हणून केसांतून बोटं फिरवून सगळं डोकं चाचपा. दोन वर्षांखालच्या बाळाला कपाळावरचं टेंगूळ सहसा साधं असतं; पण कपाळ सोडून दुसरीकडे मऊ, लिबलिबीत टेंगूळ लागलं किंवा बाळ तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडलं असेल, तर हसत-खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

कुठल्याही वयात एकसारख्या उलट्या, आकडी, हाका मारून न उठणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, बोलणं जड होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं होणं, बाळ दूधच न घेणं : यातलं एक जरी दिसलं तरी लगेच १०८ ला फोन करा. मान दुखते म्हणालं तर उचलून बसवू नका, जसं आहे तसं पडू द्या. स्वतःच्या गाडीने निघणार असाल तर आधी रुग्णालयात फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का ते विचारा, नाहीतर एकीकडून दुसरीकडे जाण्यातच दोन तास जातात. आणि वाटेत मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.