भूविज्ञान मंडळाच्या नव्या चिटणीसास

चि.,
अनेक आशीर्वाद.

जुन्नर तालुक्यातल्या आपल्या भूविज्ञान मंडळाची चिटणीसकी तुझ्याकडे आली, याचा मनापासून आनंद झाला. सभासद कसे वाढवायचे, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर दर सभेला नवे किती आले यापेक्षा गेल्या वेळी पहिल्यांदा आलेल्यांपैकी या वेळी पुन्हा कोण आलं, ते बघ. हजेरीच्या वहीत नव्या माणसाच्या नावापुढे फुली मार आणि पुढच्या महिन्यात ती नावं शोध. मंडळ तिथेच वाढतं आणि तिथेच आटतं. पत्रकं वाटून, पेपरात बातमी देऊन माणूस एकदा येतो. पुन्हा येतो तो पहिल्या वेळी काही हाती लागलं असेल तरच.

म्हणून सभेची सुरुवात दगडाने कर. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यात अर्धा तास जातो आणि मागच्या रांगेतली दहावीतली मुलगी घड्याळाकडे बघायला लागते. त्यापेक्षा दारातच एक टेबल मांड. त्यावर पाच-सहा नमुने, दोन-तीन भिंगं, एक चाकू, काचेचा तुकडा आणि ड्रॉपरच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्लापाशी एक जाणता सभासद शेवटपर्यंत उभा राहील, हे आधीच ठरव.

आपल्याकडचा मांजऱ्या दगड या कामाला उत्तम. नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर तो सहज सापडतो. अंगभर लहान-मोठी भोकं आणि त्यात पांढरं काहीतरी भरलेलं. बहुतेक लोक त्या सगळ्याला गारगोटी म्हणून मोकळे होतात. आलेल्या माणसाच्या हातात तो दगड दे आणि विचार, हे पांढरं एकाच जातीचं आहे का? भिंग डोळ्याशी नेलं की पोकळीच्या भिंतीचं पातळ हिरवट अस्तर दिसतं, त्यावर मोतिया चमकीच्या पापुद्र्यांचे जुडगे दिसतात, एखाद्या पोकळीत पारदर्शक स्फटिक उभा असतो. मग चाकू लावायचा. ओरखडा उठला नाही, उलट त्यानेच काचेवर रेघ ओढली, तर ते क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी. ओरखडा उठला आणि आम्लाचा थेंब पडताच फसफसलं, तर कॅल्साइट. ओरखडा उठला पण थेंबाने काहीच झालं नाही, तर बहुधा झिओलाइट गटातलं स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट, नाहीतर त्यांच्या सोबतीने सापडणारं अ‍ॅपोफिलाइट. एवढं झालं की सांगायचं, लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्यात ही खनिजं आणून बसवली. ज्याने स्वतः थेंब टाकला तो घरी जाऊन हे चार जणांना सांगणारच. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना हवं असतं, ते मिळालं तर जरूर दाखव. पण शेजारच्या शेतातल्या विहिरीचा दगड नव्या माणसाला जास्त जवळचा वाटतो.

सभेचा दिवस एकच ठेव, दुसरा रविवार तर दुसरा रविवार, आणि तो बदलू नकोस. आठवडे बाजाराशी गाठ पडत असेल तर वेळ सकाळची ठेव. इतिवृत्त कायम करणं, जमाखर्च, पत्रव्यवहार हे सगळं कार्यकारिणीच्या बैठकीत उरकायचं. खुल्या सभेत त्याचा एक शब्दही नको. वक्त्याला बोलावताना चाळीस मिनिटं आणि तीन दगड, एवढीच अट घाल. प्राध्यापकांना ही अट सुरुवातीला जाचते, पण दगड समोर असला की तेही जास्त चांगलं बोलतात. आणि वक्ता दर वेळी प्राध्यापकच हवा असं कुठे आहे? क्रशरवर वीस वर्षं काम केलेला माणूस, विहिरी खोदणारा ठेकेदार, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेला अधिकारी, यांच्याकडे असलेली माहिती पाठ्यपुस्तकात मिळत नाही. तांबडा गेरूचा थर लागला की बोअर कशी ढासळते, हे ठेकेदाराने हाताने दाखवावं आणि तो थर म्हणजे दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात झिजलेला पृष्ठभाग, हे मग कुणीतरी जोडून द्यावं.

विषयांचा तुटवडा आपल्याला पडायचा नाही. दख्खनचा हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, आणि त्याच्या खुणा आपल्या तालुक्याभोवती इतक्या दाट आहेत की बाहेर बघायची गरज नाही. मंचर-गिरवलीकडचा मोठ्या स्फटिकांचा बेसाल्ट घे. फेल्डस्पार या फिकट खनिजाचे बोटाच्या पेराएवढे स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले दिसतात आणि भूवैज्ञानिक त्या थराचा उपयोग लाव्हा प्रवाहांचा क्रम लावायला करतात. शिवनेरी, लेण्याद्री आणि आसपासच्या लेण्यांचे कातळ बघताना कोरणाऱ्यांनी कुठला थर निवडला, पाणी कुठल्या भेगेतून पाझरतं, पोढी, म्हणजे पाण्याची कोरीव टाकी, कुठे खोदली, यावर एक अख्खी सभा होईल.

पण मला सगळ्यात प्रिय विषय बोरीचा. कुकडीच्या काठी बोरीला नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि ती राख इथली नाही, पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. ही राख सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याच ज्वालामुखीच्या कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत वाद झाला. तो वाद सभेत जसाच्या तसा मांड. एका गटाला एक बाजू दे, दुसऱ्याला दुसरी, आणि प्रत्येकाला विचार की वय ठरवायला कोणता पुरावा चालेल. कॉलेजातल्या मुलांना शास्त्र म्हणजे पाठ करायची उत्तरं असं वाटत आलेलं असतं. आपल्या गावच्या नदीकाठी अजून वादाचा प्रश्न आहे हे कळलं की त्यांचे चेहरे बदलतात. अशा सभेनंतर वर्गणीची पावती फाडायला कुणाला आग्रह करावा लागत नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक सभेत येईल: माझ्या रानात पाणी कुठे लागेल? द्राक्ष-टोमॅटोच्या भागात तो येणारच, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं हे विसरू नकोस. नारळ हातावर धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याची टिंगल कुणालाही करू देऊ नकोस. शेतकरी दुखावला की पुन्हा येत नाही. पण मंडळाने जागाही सांगायची नाही. भेगा, थर, आजूबाजूच्या विहिरींची खोली, हे कसं वाचायचं ते दाखवावं आणि सरकारी यंत्रणेकडे रीतसर अर्ज कसा करायचा ते सांगावं. बदल्यात त्याच्या विहिरीत कितव्या फुटाला कुठला थर लागला, ते आपल्या वहीत लिहून घे. अशा नोंदी गावोगावच्या जमल्या तर पाण्याच्या कामात त्या कुणालाही उपयोगी पडतील, आणि नोंद देणारा शेतकरी आपोआप मंडळाचा होतो.

दरडींबद्दल याहून जास्त जपून राहायला हवं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. दर पावसाळ्यात डोंगराकडेच्या वाडीतून कुणीतरी विचारेल, आमचं घर सुरक्षित आहे का? या प्रश्नाला मंडळाच्या कुणीही हो किंवा नाही म्हणायचं नाही. उतारावर नवी भेग पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, या खुणा लोकांना शिकव आणि अशी खूण दिसली की तलाठी-तहसीलदारांना त्याच दिवशी कळवायला सांग. लेखी कळवायला सांग, आणि एक प्रत मंडळाकडे ठेवून घे.

सहलींबद्दल तू फार उत्साहाने लिहिलं आहेस. चांगलं आहे, सभासद टिकतात ते सहलींमुळेच. दर महिन्याला नको, वर्षातून चार पुरे, आणि बहुतेक दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पावसाळ्यात निघोजचे रांजणखळगे पाण्याखाली असतात, वैशाखात काळ्या कातळावर उभं राहवत नाही. निघोजला मुलांना काठापासून दूर ठेव. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी खडक कसा कोरला, ते वरून दाखवता येतं. आत उतरायची गरज नाही. लेण्यांत शिरण्यापूर्वी आग्यामोहोळ कुठे आहे ते बघून घे, आणि तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा अजिबात नको. आपला भाग बिबट्याचा, तेव्हा उसाच्या पट्ट्यातून परतणं अंधाराच्या आत. मुलींनी यावं असं वाटत असेल तर स्वच्छतागृह कुठे आहे आणि गाडी किती वाजता परत येईल, हे निमंत्रणातच लिही आणि सोबत एक महिला पदाधिकारी ठेव. मुलीला पाठवायचं की नाही, हे पालक या दोन-तीन ओळींवरून ठरवतात.

हातोडा सगळ्या गटात एकच, आणि तो सहलप्रमुखाकडे. लेणी, किल्ले, नदीतले खळगे, रस्त्याकडेचा सुरेख कापीव थर यांना हात लावायचा नाही. नमुना घ्यायचा तो खाणीतल्या पडलेल्या ढिगातून, मालकाची परवानगी घेऊन, सुरुंगाची वेळ विचारून. फोडताना चष्मा घालायचाच. आणि घेतलेल्या नमुन्यावर तिथल्या तिथे क्रमांक पडला पाहिजे. पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा, वहीत तोच आकडा, पुढे गाव, जागा, तारीख, कुठल्या थरातून, कुणी उचलला. ठिकाण न लिहिलेला दगड कितीही देखणा असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेला. एखाद्या नवख्या सभासदाला ही वही सांभाळायला दे. ज्याच्याकडे वही आहे तो सहल चुकवत नाही.

आता पैशाचं. वार्षिक वर्गणी कमी ठेव, विद्यार्थ्यांना त्याहून कमी, आणि पहिल्या तीन सभा कुणालाही मोफत. आजीव सभासदत्वाचा मोह आवर. एकदम रक्कम येते, कार्यक्रमात खर्च होते आणि पुढची अनेक वर्षं त्या माणसाकडून काही येत नाही, शिवाय यादी फुगते ती वेगळीच. द्यायचंच असेल तर ती सगळी रक्कम मुदत ठेवीत जावी आणि व्याजच खर्चावं, असा ठराव आधी कर. थकबाकीदाराला ग्रुपवर नाव घेऊन आठवण करून देऊ नकोस, फोन कर. तो का येत नाही हे त्या फोनमध्येच कळतं.

नोंदणीचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात जण लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 ची नोंदणीही करावी लागते. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. तो राहून गेला की पुढच्या निवडणुकीच्या वेळी जुने पदाधिकारी शोधत फिरावं लागतं. हिशेब तपासून घेणं दर वर्षी. आणि बँकेतले सहीचे अधिकार एकाच घरातल्या दोघांकडे नकोत, माणसं कितीही सज्जन असली तरी.

आणखी एक, तू विचारलेलं नाहीस तरी लिहितो. ग्रुपवर रोज सकाळी येणारे फुलांचे फोटो आणि राजकारण पहिल्या आठवड्यातच थांबव. वाईटपणा येईल, येऊ दे. ग्रुपवर फक्त सभेची वेळ, सहलीची यादी आणि कुणाला सापडलेल्या दगडाचा ठिकाणासकट फोटो.

जानेवारीत निघोज ठरवत असशील तर ग्रामपंचायतीला आधी पत्र दे आणि माणशी किती खर्च येतो ते काढून मला कळव. गाडीत जागा असली तर मीही येईन. येताना आम्लाची बाटली आणि माझी दोन भिंगं आणतो, तुझ्याकडची तीन पुरणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.