माळ हातात, मन भलतीकडे

‘तोंडाने जप चालतो नि मन भलतीकडेच. ढोंगच की हे!’ हे मी किती जणांकडून ऐकलंय, मोजदाद नाही. बोलणाऱ्याचा धर्म बदलतो, अपराधीपणा तोच.

अशाच एक निवृत्त शिक्षिका. रोज एक माळ आणि रोज स्वतःवर चिडणं. चार बैठका त्या चिडण्यातच गेल्या. पाचव्या वेळी म्हटलं, ‘‘ताई, इथेच करा एक माळ. मन सुटलं की थांबा.’’

अंगठा आणि मधल्या बोटातून मणी सरकू लागले. विसाव्या-बाविसाव्या मण्याला थांबल्या.

‘‘कुठे गेलं?’’

‘‘भावजयीच्या बोलण्याकडे.’’

‘‘मग परत कशा आलात?’’

बराच वेळ गप्प. मग मण्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘हा बोटाला लागला, मॅडम.’’

त्या दिवशी मी पुढे काहीच बोलले नाही. (हे गप्प बसणं मला उशिरा जमलं, पण जमलं.)

१०८ मण्यांत मन पन्नासदा पळालं, तर पन्नासदा परतलंही. मी सवयीवर भिस्त ठेवणारी. योगसूत्रात (१.१४) पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला तीनच गोष्टी मागितल्या: दीर्घकाळ, अखंडपणा, आदर. मन पळू नये, असं तिथे म्हटलेलं नाही. लोक पहिल्या दोन पाळतात. ज्या माळेवर रोज चिडायचं, तिचा आदर तो कसला?

हे मला आधी कळलं ते हिफ्ज करणाऱ्या, म्हणजे अख्खं कुराण पाठ करणाऱ्या, एका मुलामुळे. नवा सबक (धडा) पाठ होई, जुना पारा (कुराणाच्या तीस भागांपैकी एक) निसटे. पोरगा रडकुंडीला आला होता. निसटणारच! म्हणून तर रोज नव्या सबकाबरोबर जुनी मंजिलही (आधी पाठ झालेल्याची उजळणी) ऐकवायची असते. पाठ केलेल्या कुराणाला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, दाव्याला बांधलेल्या उंटाची उपमा आहे. लक्ष ठेवलं नाही की सुटला. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी सवाब (पुण्य), हेही हदीसमध्येच. त्याला ते ठाऊक होतं. ते आपल्यालाही लागू आहे, एवढंच सुचलं नव्हतं.

तेव्हा संख्या कमी करा, वेळ मोडू नका. मन गेल्याचं कळलं की पुढचा मणी घ्या, पहिला नाही. मात्र आकडा चुकला म्हणून पुन्हा पुन्हा सुरुवात, नाहीतर घरात काही वाईट होईल अशी धास्ती, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ती साधना नव्हे, आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

शिक्षिकाबाई अजून अधूनमधून येतात. परवा माळ घरी विसरल्या होत्या. भावजयीबद्दल तावातावाने बोलत होत्या, अंगठा मात्र मधल्या बोटावरून सरकतच होता.