नाव ऐकून घर नाकारलं, तर न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगाकडे जाऊन काही होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रोकरने फोनवर घर रिकामं असल्याचं सांगितलं, मग नाव आणि मूळ गाव विचारलं, आणि तासाभरात 'गेलं' म्हणून कळवलं. आता शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे जावं का, आणि व्हिसावर असताना ते अंगाशी येईल का?

जा. पण तेच घर मिळेल या आशेवर जाऊ नका. मी गेलोय, म्हणून सांगतो.

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात आम्ही एक वरचा मजला बघायला गेलो होतो. खाली मालक, वर भाडेकरू, अशी दोन बिऱ्हाडांची घरं तिकडे गल्लोगल्ली आहेत. भाडं, डिपॉझिट सगळं फोनवर ठरलं होतं. दारात बायकोची टिकली बघून मालकाने पहिला प्रश्न टाकला, "ते तुमचं मसाल्याचं रोज करता का? वास भिंतीत मुरतो." बायको म्हणाली, खिडकी उघडून फोडणी देते. तो हसला, लाजेकाजेस्तव आम्हीही हसलो. संध्याकाळी मेसेज आला, सॉरी, दुसऱ्यांना दिलं. सोमवारी जाहिरात तशीच झळकत होती. ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राला फोन करायला लावला, तर त्याला विचारलं, "बघायला कधी येताय?"

तरी मला वाटत होतं की वासावरून कुठे तक्रार होते का. आयोगातल्या वकीलबाईंना तसं वाटलं नाही. फोडणीचं निमित्त करून एका देशाची माणसं टाळली, तर ते मूळ देशावरून नाकारणंच झालं, असं त्यांचं म्हणणं. मी घरून दोन पानं खरडून नेली होती, त्यात 'अपमान', 'वंशद्वेष' ठासून भरलेला. ती पानं त्यांनी शांतपणे बाजूला ठेवली. तो नेमका काय म्हणाला, कुठल्या शब्दांत? किती वाजता? सोबत कोण होतं? जाहिरात कुठे होती? तासभर हेच चाललं. मी चिडून काही सांगायला लागलो की त्या पेन खाली ठेवायच्या, आणि मी तारीख सांगितली की उचलायच्या.

पुढे खरी गंमत झाली. तक्रार मालकाला बजावली गेली आणि त्याच्या वकिलाचं उत्तर आलं की आमचं घर दोनच कुटुंबांचं, मालक स्वतः तिथे राहतो, म्हणून हा कायदा आम्हाला लागूच नाही. अशी सूट खरंच आहे! मी खचलो. पण ती सूट घर जाहीरपणे भाड्याला काढलेलं नसेल तरच मिळते. ओळखीपाळखीतून दिलं तर गोष्ट वेगळी. याने इंटरनेटवर फोटोंसकट टाकलं होतं. बायकोने सहज, सोफा कुठे मावेल ते बघायला, त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. आमची केस त्या सोफ्यावर उभी राहिली.

वर्ष उलटून गेल्यावर तडजोड झाली. थोडी भरपाई मिळाली, मालकाला प्रशिक्षण घ्यावं लागलं. आम्ही तोवर दुसरीकडे राहायला जाऊन जुने झालो होतो. तुमचं घर अजून रिकामं असेल तर पहिल्याच फोनवर हे सांगा. औपचारिक तक्रारीआधी आयोगाची माणसं कधीकधी थेट मालकाशी बोलतात. कधी भाडेकरू म्हणून आपली माणसं पाठवून खातरजमाही करतात. ३११ या शहराच्या हेल्पलाइनवर फोन केलात तरी तुम्हाला तिकडे जोडून देतात.

तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. मात्र आयोगाचा वकील तुमचा नसतो, शहराचा असतो, तो दोन्ही बाजू तपासतो. मुदत घटनेपासून १ वर्षाची. कोर्टात जायला ३ वर्षं मिळतात, पण एकाच प्रकरणात सहसा दोन्ही दारं ठोठावता येत नाहीत, तेव्हा रक्कम मोठी असेल तर आधी वकिलाला विचारा. दंड १,२५,००० डॉलरपर्यंत आणि जाणूनबुजून केलेल्या भेदभावाला २,५०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो, हे आकडे तुम्ही वाचले असतील. तो पैसा शहराच्या तिजोरीत जातो. तुमची भरपाई वेगळी.

व्हिसाचं म्हणाल तर मला कुणीही कागद विचारले नाहीत. उलट इमिग्रेशनच्या स्थितीवरून भेदभाव करणं हेच इथे बेकायदा आहे, आणि भाडेकरूला गप्प बसवायला 'इमिग्रेशनवाल्यांना कळवीन' अशी धमकी देणंही. तक्रार केली म्हणून डूख धरला तर त्याची वेगळी तक्रार होते.

एक गोष्ट आधी तपासा: घर नक्की न्यूयॉर्क शहरात आहे ना? आपली निम्मी मंडळी एडिसन नाहीतर जर्सी सिटीत घर शोधत असतात. तिथे हा आयोग चालत नाही, न्यू जर्सी राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे जावं लागतं, आणि तिथली मुदत फक्त १८० दिवसांची आहे.

खासगी मालकाला हात लावता येतो, हे मुंबईहून आलेल्या माणसाला पटकन खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. आपल्याकडचा राज्य मानवी हक्क आयोग १९९३ च्या कायद्याखाली चालतो, तो मुख्यतः सरकारी नोकरांनी केलेलं उल्लंघन किंवा त्यांचा हलगर्जीपणा बघतो. आडनाव ऐकून 'आमच्याकडे मांसाहार चालत नाही' म्हणणारी सोसायटी त्याच्या आवाक्याबाहेर राहते. न्यूयॉर्कने १९५७ सालीच खासगी घरांतल्या भेदभावावर बंदी घातली, अमेरिकेत सगळ्यात आधी. देशाचा कायदा यायला १९६८ उजाडलं. अर्थात इथे येऊन आपणही आडनाव विचारायचं सोडत नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावाच्या कायद्यात 'जात' हा शब्द घातला, तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या, यात काय ते आलं.

तुमच्या बाबतीत ब्रोकर फोनवर बोललाय, म्हणजे लेखी काही नाही. हरकत नाही, कॉल लॉगमध्ये वेळ असते. दोन्ही फोनच्या वेळा आणि त्याचे शब्द, जसेच्या तसे, आज रात्रीच लिहून काढा. पण त्याआधी ती जाहिरात अजून दिसतेय का बघा, आणि असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. उद्या ती नसेल.