मेम्फिसला अल ग्रीनसाठी जाताय? रॉयल स्टुडिओ पाडलेला नाही!

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. डॅलसहून लाँग वीकेंडला मेम्फिसला निघालाय, सोबत आई-बाबा आहेत, गायक अल ग्रीन आणि त्याचे जुने निर्माते विली मिचेल पुन्हा एकत्र आले तो २००३ चा 'आय कान्ट स्टॉप' हा अल्बम तुम्हाला वेड लावून गेलाय, आणि हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलं की 'तो रॉयल स्टुडिओ केव्हाच पाडला, एल्व्हिसचं घर ग्रेसलँड बघा, संध्याकाळी बील स्ट्रीटवर फिरा.' जवळजवळ याच शब्दांत हेच मला तिथल्या एका टूर काउंटरवर ऐकवलं गेलं होतं. इतकी वर्षं झाली तरी लोकांना तीच चुकीची माहिती मिळते आहे, याचा मला खरोखर राग येतो.

पाडला तो स्टॅक्स, म्हणजे दुसऱ्याच रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. मॅकलमोर अ‍ॅव्हेन्यूवरची स्टॅक्सची मूळ इमारत १९८९ मध्ये जमीनदोस्त झाली आणि त्याच जागी नवी इमारत उभारून २००३ मध्ये म्युझियम सुरू झालं. अल ग्रीन स्टॅक्सचा गायक नव्हताच. तो हाय रेकॉर्ड्स या कंपनीचा, आणि त्याची गाणी झाली रॉयल स्टुडिओत. घोटाळा का होतो तेही कळतं: दोन्ही दक्षिण मेम्फिसमध्ये, दोन्ही मुळात जुनी सिनेमा थिएटरं, दोन्हीकडे जमीन पडद्याच्या दिशेने उतरती, आणि अल जॅक्सनसारखा ड्रमर दोन्हीकडे वाजवणारा. पण पर्यटकांना माहिती देण्यासाठी जे काउंटर उघडून बसलेत त्यांना एवढा फरक माहीत असायला हवा. रॉयल आजही उभा आहे, चालू आहे. मार्क रॉन्सन आणि ब्रूनो मार्सच्या 'अपटाउन फंक'चं काही रेकॉर्डिंग तिथलंच. स्टुडिओसमोरच्या रस्त्यालाही आता विली मिचेल यांचं नाव आहे.

माझं नुकसान काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढं का लिहिते आहे ते कळेल. मी तेव्हा गेले ती फक्त या पुनर्भेटीच्या वेडापोटी. काउंटरवरच्या बाईंना नाव सांगितलं, स्टुडिओ सांगितला, छापलेला नकाशा पुढे केला. त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. 'इट्स गॉन, हनी,' म्हणाल्या आणि बसच्या कॉम्बो तिकिटाची पावती फाडून हातात दिली. दिवसभर ती बस मला एल्व्हिसच्या विमानांपासून बदकांच्या परेडपर्यंत फिरवत राहिली. संध्याकाळी स्टॅक्स म्युझियममधल्या एका कर्मचाऱ्याशी बोलताना कळलं की रॉयल तिथून गाडीने काही मिनिटांवर आहे. तोवर उशीर झाला होता, आणि पहाटेचं विमान होतं. काउंटरला नंतर ईमेल केला तर उत्तर आलं ते पुढच्या टूरवरच्या सवलतीचं. त्या वेळी विली मिचेल हयात होते, तो स्टुडिओ स्वतः चालवत होते. ते मला भेटलेच असते असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्या दारात तरी उभी राहिले असते. ५ जानेवारी २०१० ला ते गेले. मी पुन्हा मेम्फिसला गेले ती त्यानंतरच.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: कुठल्याही हॉटेल डेस्कवर किंवा टूर काउंटरवर विसंबू नका. रॉयलला थेट संपर्क करा, निघायच्या बऱ्याच आधी. तो म्युझियम नाही, कामाचा स्टुडिओ आहे. आत सेशन चालू असेल तर कोणी दार उघडणार नाही आणि ते योग्यच आहे. वेळ आधी ठरवली असेल तरच आत जाता येतं. आताचे नियम, पैसे वगैरे त्यांच्याकडूनच विचारून घ्या. माझी माहिती जुनी असू शकते.

आता अल्बमबद्दल. तुम्ही लिहिलंय की ग्रुपमधल्या कोणीतरी 'आय कान्ट स्टॉप'ला 'जुन्याची झेरॉक्स' म्हटलं. मला हे अजिबात पटत नाही. हे माझं मत आहे, मी समीक्षक नाही, पण आयुष्यभर हेच संगीत ऐकत आले आहे.

या दोघांची पहिली भेट साठच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या मिडलंडची. मिचेल ट्रम्पेट वाजवणारे बँडवाले, अल एका किरकोळ हिटवर गावोगाव फिरणारा पोरगा. मिचेलनी त्याला मेम्फिसला आणलं आणि त्याचं ओरडून गाणं बंद केलं. त्या काळी सोल हा गाण्याचा प्रकार म्हणजे छाती फोडून गायचं असंच समीकरण होतं. मिचेल त्याच्या मागे लागले की हळू गा, आणखी हळू, माइक आहे ना समोर. त्यातूनच ते फॉल्सेटो (नेहमीच्या पट्टीच्या वरचा पातळ आवाज), ती कुजबुज, शब्द अर्ध्यावर सोडून देणं आलं. १९७२ च्या फेब्रुवारीत 'लेट्स स्टे टुगेदर' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं ते याच आवाजावर.

मग १९७४ ची ती भयंकर घटना (मैत्रिणीने त्याच्यावर उकळती लापशी ओतून स्वतःला गोळी घातली), १९७६ मध्ये त्याचं स्वतःचं चर्च, आणि १९७७ मध्ये मिचेलशिवाय स्वतः केलेला 'द बेल अल्बम'. त्याच वर्षी हाय रेकॉर्ड्सही विकली गेली. पुढे अल गॉस्पेलकडे, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांकडे वळला. मध्ये १९८५ मध्ये 'ही इज द लाइट'साठी दोघं एकत्र आले होते, हे बरेच जण विसरतात. पण तो भक्तिगीतांचा अल्बम. प्रेमगीतं घेऊन, पूर्ण अल्बमभर, त्याच खोलीत दोघं परत आले ते २००३ मध्ये, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी. सत्तरच्या दशकात अल ज्या माइकवर गायचा तो नऊ नंबरचा माइक मिचेलनी या रेकॉर्डिंगसाठी पुन्हा बाहेर काढला. गिटारवर टीनी हॉजेस, बासवर लीरॉय हॉजेस, जुन्या गाण्यांत वाजवणारे तेच दोघे भाऊ.

याला झेरॉक्स म्हणणाऱ्यांनी 'माय प्रॉब्लेम इज यू' एकदा हेडफोन लावून ऐकावं. सहा मिनिटांहून मोठा संथ ब्लूज आहे. ड्रमचा ठोका किती मागे बसलाय बघा. मात्रा सुटली की काय असं वाटतं न वाटतं तोच तो येतो, आणि अल त्याच्याही मागून येतो. आपल्याकडे विलंबितात समेच्या किंचित मागे राहून जीव टांगणीला लावतात तसंच. हे २५ वर्षांच्या पोराचं गाणं नाही. आवाजाला किनार आली आहे, वरच्या पट्टीत तो जरा खरखरतो, आणि मिचेलनी ती खरखर झाकलेली नाही. जुना निर्माता हवा तो यासाठी. नवख्या माणसाने एकतर त्याला पूर्वीसारखं गायला लावलं असतं किंवा आवाज घासूनपुसून गुळगुळीत केला असता. कुठे थांबवायचं आणि कुठे जाऊ द्यायचं, हे मिचेलना माहीत होतं.

२००५ चा 'एव्हरीथिंग्ज ओके' मला तितका भावत नाही, स्ट्रिंग्ज जास्त गोड वाटतात. आणि २००८ चा 'ले इट डाउन', जो क्वेस्टलव्ह आणि जेम्स पॉयझर या निर्मात्यांनी केला, तो उत्तम आहे, ग्रॅमीही मिळाली, पण त्यात मिचेल नाहीत आणि मला ते जाणवतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

रविवारी चर्चला जायचं विचारलंय. जरूर जा. अलचं चर्च, फुल गॉस्पेल टॅबरनॅकल, हेल रोडवर आहे, ग्रेसलँडपासून गाडीने काही मिनिटं. अल तिथे असेलच याची हमी कोणी देत नाही. शनिवारी चर्चला फोन करून प्रार्थनेची वेळ तेवढी विचारून घ्या. आणि कृपा करून, तो कार्यक्रम नाही हे लक्षात ठेवा. मी गेले तेव्हा काही पर्यटक मोबाइल उंच धरून बसले होते आणि गाणं संपताच उठून गेले. दोन ओळी पुढे एक आजी डोळे मिटून रडत होत्या, त्यांना ओलांडून हे लोक बाहेर पडले. मला फार लाज वाटली. आपण कीर्तनातून असे उठतो का? शेवटपर्यंत बसता येणार नसेल तर मागच्या रांगेत बसा, नीटनेटके कपडे घाला, थाळी फिरली की काहीतरी टाका. तुमच्या आईबाबांना, भजनाची सवय असेल तर, तिथली कॉयर, म्हणजे समूहगान, फार आवडेल. प्रार्थना लांबते, त्यामुळे आधी पोटभर नाश्ता करून घ्या, विशेषतः बाबांना डायबेटिस आहे म्हणालात म्हणून.

थोडं आणखी. डॅलसहून लिटल रॉकमार्गे आलात तर आय-४० वर मेम्फिसच्या आधी फॉरेस्ट सिटी लागेल. अलचा जन्म तिथला, १९४६ चा. थांबण्यासारखं काही आहे असं नाही, पण गाडीत त्याचं गाणं लावायला जागा चांगली. स्टॅक्स म्युझियमही चुकवू नका. माझा राग त्या काउंटरवर आहे, स्टॅक्सवर नाही. उलट खरी माहिती मला तिथल्याच माणसाने दिली. लोरेन मोटेलमधलं नागरी हक्कांचं म्युझियम आईबाबांना दाखवाच. मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ ला तिथेच गोळी घातली गेली. त्या शहरात गोरे आणि काळे वादक एकाच खोलीत बसून हे संगीत करत होते, ते किती अवघड काळात, हे तिथे गेल्यावर कळतं. त्याला अर्धा दिवस ठेवा, आणि बरंच चालावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर आधी विचारून घ्या. ग्रेसलँड वगळलं तरी माझ्या मते काही बिघडत नाही, एल्व्हिसप्रेमींनी रागावू नये.

लाँग वीकेंडमुळे एक अडचण आहे. सुट्टीच्या सोमवारी रॉयलमध्ये कोणी भेटेल असं धरून चालू नका. जमल्यास शुक्रवारी सकाळी लवकर निघा. सात तासांचं ड्रायव्हिंग, आईबाबांसाठी थांबे धरून नऊ समजा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळची किंवा शनिवारची वेळ मागता येईल. स्टुडिओला लिहिताना एवढंच लिहा की अल ग्रीन आणि मिचेल यांच्या कामासाठी येतोय, किती जण आहात, वयस्कर मंडळी आहेत. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. आणि हॉटेलवाला पुन्हा 'पाडला' म्हणाला तर त्याला सांगा की पाडला तो स्टॅक्स, १९८९ मध्ये.