१२ वर्षं जुना रीफ टँक खचत चाललाय: मोडून नव्याने मांडू की आहे तोच सावरू?

मोडू नका. कोरलची (प्रवाळांची) ही खाऱ्या पाण्याची टाकी सावरण्यासारखी आहे. फक्त घाई केलीत तर आज जे जिवंत आहे तेही हातचं जाईल.

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ४०० लिटरची टाकी, १२ वर्षं तेच खडक आणि तीच वाळू. बरीच वर्षं सगळं छान चाललं. आता ॲक्रोपोरा (फांद्यांचे कोरल) बुडापासून पांढरे पडत चाललेत, खडकांवर केसाळ शेवाळ माजलंय, मधूनच आयप्टेशिया (तणासारखी पसरणारी समुद्रफुलं) डोकं काढतायत. नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.६ मिलीग्रॅम प्रतिलिटर, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ५.८ डीकेएच, म्हणजे तिच्या एककात. निम्मं पाणी बदललंत तेव्हा फॉस्फेट ०.३ वर आलं आणि आठवड्याभरात परत ०.५ झालं. मासे ठणठणीत आहेत: क्लाउनफिशची जोडी आणि एक यलो टँग. दिवे अजून टी-फाइव्ह ट्यूबचे, आणि ते बदलून एलईडी लावायचा विचार आहे.

या सगळ्यात माझं लक्ष वेधलं ते परत चढलेल्या फॉस्फेटने. जरा हिशेब करू. ४०० लिटरमध्ये ०.३ म्हणजे पाण्यात १२० मिलीग्रॅम, ०.५ म्हणजे २००. आठवड्यात ८० मिलीग्रॅम कुठून तरी आलं. काही खाद्यातून आलं असणार. सुक्या खाद्यात ढोबळ मानाने एक टक्का फॉस्फरस धरला तर ग्रॅमभर खाद्यामागे ३० मिलीग्रॅम फॉस्फेट टाकीत जातं. पण खाद्य तर आधीही तेवढंच पडत होतं. निम्मं पाणी बदलल्यावर आकडा इतक्या लवकर जवळपास जुन्या जागी येतो, तेव्हा मी आधी खडकांकडे बोट दाखवतो.

लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले टाकीतले खडक) आणि वाळू, दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असलं की खडक ते धरतात, पाण्यातलं कमी झालं की सोडायला लागतात. त्यामुळे नुसतं पाणी बदलून तुम्ही फक्त विरघळलेला वाटा काढता, साठा जागच्या जागी राहतो. नायट्रेटचं तसं नाही. खडकाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी हवेतून जायची वाटच नाही. तो शेवाळ कापून, स्किमरच्या (फेसासोबत घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) कपातून, गाळ उपसून किंवा फॉस्फेट शोषणाऱ्या माध्यमातून, म्हणजे तुमच्या हातानेच बाहेर काढावा लागतो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत खडकांवर टाकी चालवण्याची पद्धत लिहून मांडली, पुढे बर्लिन पद्धतीने त्याला दमदार स्किमरची जोड दिली. या दोन्हींत नायट्रोजनची सोय चांगली आहे. फॉस्फरस मात्र वर्षानुवर्षं साचत जातो, आणि जुन्या टाक्या दहाव्या-बाराव्या वर्षी अचानक बिघडल्यासारख्या वाटतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. अचानक काहीच झालेलं नसतं, खडकांची धरून ठेवायची ताकद संपलेली असते.

खात्री करून घ्यायची असेल तर बादलीची चाचणी करा. शेवाळ कमी असलेला मुठीएवढा खडक काढा, टाकीतल्याच पाण्यात हलवून गाळ झटका आणि ताज्या कालवलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवा. हीटर आणि छोटा पंप लावा, उजेड नको, खाद्य तर नकोच. खडक टाकण्याआधी फॉस्फेट मोजा, मग दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी. आकडा चढत गेला तर कुठल्याही लेखापेक्षा चांगला पुरावा तुमच्या हातात असेल. शिवाय पुढे महिनोन्महिने तो आकडा हलत नाही तेव्हा धीर धरायलाही त्याची मदत होते.

सगळं काढून नव्याने मांडण्यात दोन अडचणी आहेत. जुने खडक परत वापरलेत तर साठाही सोबत आला. कोरडे नवे खडक घेतलेत तर अमोनियाच्या चक्रापासून सुरुवात, मग तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ), मग बहुधा डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट सूक्ष्मजीव), आणि ॲक्रोपोरा टिकण्याइतकी स्थिर टाकी व्हायला वर्ष सहज जातं. तोवर मासे आणि कोरल कुठे ठेवणार? नव्याने मांडा असं मी दोनच वेळा म्हणेन: काचेचा सिलिकॉन जोड सुटायला लागला असेल तर, किंवा त्या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलं असेल तर. तांबंही खडकात मुरतं, आणि अपृष्ठवंशी जिवांना त्याचा अंशही बाधतो.

आता कामाला कुठून लागायचं. पहिले पंधरा दिवस टाकीत मोठा बदल न करता तुमची मापं तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ पीपीटी (दर हजारी ३५ भाग) खारटपणाच्या द्रावणाने जुळवून घ्या. टेस्ट किटच्या बाटल्यांवरची तारीख बघा. आरओ-डीआयच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरच्या) शेवटच्या नळीतून येणारं पाणी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य दाखवतंय का ते बघा, आणि शून्य असलं तरी कार्बनचं काडतूस जुनं असेल तर बदला. क्लोरामाइन (नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक) त्या मीटरला दिसत नाही. एक आयसीपी चाचणी (पाण्यातले धातू आणि इतर मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी) करून घ्या. जुन्या टाकीत धातू कुठून येतात हे फार लोक बघत नाहीत: पंपांचे आणि काच घासायच्या ब्रशचे चुंबक. प्लास्टिकच्या आवरणाला केसासारखी चीर गेली की खारं पाणी आत शिरतं, आत गंज धरतो आणि आवरण फुगायला लागतं. प्रत्येक चुंबक बाहेर काढून कडेवरून बोट फिरवा. फुगवटा किंवा विटकरी डाग दिसला की तो परत पाण्यात जाता कामा नये.

अल्कलिनिटी ५.८ ही खरंच कमी आहे. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ती ७ च्या आसपास असते. तुम्ही ८ वर आणा, पण दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या जवळपास असलं की त्यांच्या मागे लागायची गरज नाही. कोरल सांगाडा बांधताना जेव्हा २.८ डीकेएच वापरतात तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० मिलीग्रॅम प्रतिलिटर उतरतं, म्हणून रोज बघायचा आकडा अल्कलिनिटीचा. आणखी एक: जास्त फॉस्फेट सांगाडा बांधण्याच्या क्रियेला अडवतं. पुढे फॉस्फेट उतरायला लागलं की अल्कलिनिटीचा खप वाढू शकतो आणि ठरलेला डोस पुरेनासा होतो. तेव्हा घाबरून जाऊ नका, डोस वाढवा. कोरल परत खायला-वाढायला लागल्याची ती खूण आहे.

वाळूचं काम सगळ्यात किचकट आणि सगळ्यात मोलाचं. समोरच्या काचेतून वाळूचा थर नीट बघा: वरचं बोटभर पांढरट, खाली तपकिरी, आणि कोपऱ्यात कुठे काळे पट्टे दिसतील. काळ्या भागात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. ती वाळू एकदम ढवळलीत तर एका दुपारीत मासे जाऊ शकतात. हात घालून उकरू नका. पाणी बदलताना जाड सायफनची नळी थेट वाळूत रोवा आणि वाळू, गाळ, पाणी सगळं सरळ बादलीत ओढून घ्या. एका वेळी तळाचा आठवा-दहावा भाग, बस. पुढची पट्टी पुढच्या पाणी बदलाला. काढलेली वाळू धुऊन परत घालायचा मोह होतो, मी तो टाळतो. पूर्ण तळ उघडा नको वाटला तर शेवटी नवी जाडसर वाळू बोटभर पसरा. खडकांच्या मागचा आणि सम्पच्या (खालच्या जोडटाकीच्या) तळाचा गाळही याच चालीने काढा. नायट्रेटचा मोठा हिस्सा एवढ्यानेच उतरेल. स्किमरची मान दर दोन-तीन दिवसांनी पुसलीत तर आणखी. नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंना पोसायला व्हिनेगर वगैरेचा डोस त्यानंतरही गरज वाटली तरच.

फॉस्फेटसाठी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) वापरा, पण पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करा. खडक सोडत राहणार, तुम्ही काढत राहणार. माध्यम लवकर संपेल, बदलत राहा. ०.१ च्या खाली गेलं की थांबा. लँथॅनम क्लोराइड जास्त वेगाने काम करतं, पण त्यातून तयार होणारा बारीक साका माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो आणि टँग मंडळी त्यात जास्त नाजूक समजली जातात. तुमच्याकडे यलो टँग आहे, म्हणून मी त्या वाटेला जाणार नाही. नायट्रेट ५ ते १० वर आलं तरी मला चालतं. दोन्ही आकडे शून्यावर नेलेत तर शेवाळ जाईल आणि त्याच्या जागी डायनोफ्लॅजेलेट येतील: तपकिरी, चिकट, बुडबुड्यांच्या माळा लटकलेल्या, आणि ते खाऊन गोगलगायी मरायला लागतात. केसाळ शेवाळ त्याच्यापुढे परवडलं. ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे असतील तर ते रात्री पाण्यात तरंगतात आणि यूव्हीने (पाण्यावर अतिनील किरण टाकणाऱ्या दिव्याने) आटोक्यात येतात. ॲम्फिडिनियम वाळूतच बसून राहतात, त्यांना यूव्हीचा फारसा उपयोग नाही.

कोरल बुडापासूनच का मरतायत? कमी अल्कलिनिटी आणि चढलेलं फॉस्फेट आहेच, पण १२ वर्षांत फांद्या इतक्या दाटल्या असतील की बुडाशी ना प्रवाह पोचतो ना उजेड. शिवाय पंपांवर चुन्याचा थर चढून त्यांचा जोर कमी झालेला असतो. सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात तासभर भिजवले की पंप नव्यासारखे होतात. मात्र एका वेळी एकच साफ करा. सगळ्यांचा जोर एकदम परत आला तर कोपऱ्यांतला सगळा गाळ एका रात्रीत पाण्यात उठेल.

दिव्यांचं शेवटी बघा. टी-फाइव्ह ट्यूबचा उजेड आणि रंग वर्षभरात उतरतो, आणि तुमचे कोरल त्या मंद उजेडाला सरावलेत. एलईडी लावलेत तर निम्म्याहून कमी ताकदीवर सुरू करा आणि काही आठवड्यांत हळूहळू चढवा. दिव्याखालची काच बऱ्याच दिवसांनी स्वच्छ पुसली तरी उजेड एकदम वाढतो, हे लक्षात ठेवा.

आयप्टेशिया चिरडू नका, तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो. त्यांना खाणारी पेपरमिंट कोळंबी किंवा बर्गिया (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) सोडा.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. खडकांवर पॅलिथोआ किंवा झोअँथस (बटणासारखे मऊ कोरल) असतील तर ते खडक पाण्याबाहेर काढून ब्रशने घासू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, आणि खडक उकळून स्वच्छ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. वाफेतून, उडालेल्या थेंबांतून आणि हाताच्या जखमेतून ते शरीरात जातं आणि माणसाला रुग्णालयात पोचवतं. शेवाळ पाण्याखालीच उपटा, हातमोजे आणि चष्मा घालून.

हे सगळं मिळून वर्षभराचं काम आहे, पण एक काम आजच करून टाका. प्रत्येक ॲक्रोपोराच्या निरोगी टोकांचे दोन-तीन तुकडे कापा. पांढरी रेष जिथे संपते तिच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वर, पूर्ण रंगीत भागातून. जेल स्वरूपातल्या सायनोअॅक्रिलेट गोंदाने प्लगवर (कोरलचा तुकडा चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवा आणि टाकीत जिथे प्रवाह सगळ्यात मोकळा आहे तिथे, मधल्या उंचीवर ठेवा. ओळखीत कुणाची स्थिर टाकी असेल तर एकेक तुकडा तिकडेही द्या. मूळ वसाहत वाचली तर उत्तमच. नाही वाचली तरी तिचा वाण तुमच्याकडे राहील, आणि हे तुकडे बुडाशी प्लगवर पसरायला लागले की नाहीतर महागड्या चाचणीशिवाय कळणार नाही अशी गोष्ट तुम्हाला डोळ्यांनी कळेल: पाणी सुधारतंय.